उरलेले चार चिंचोके

आमच्या घरमालकांना डिसेंबरात थंडी वाजायची. सिंगापूरमध्ये, बुकित पंजांगच्या अकराव्या मजल्यावर, पंखा पाचवर असताना ते सकाळी बिनबाह्यांचा तपकिरी स्वेटर घालून टेबलाशी येऊन बसत आणि तळहात एकमेकांवर चोळत म्हणत, "आज तिकडे बर्फ पडतंय."

तिकडे म्हणजे अमेरिकेत. त्यांच्या कानामागून घामाचा ओघळ मानेवर उतरताना मला स्पष्ट दिसे. मी काही बोलत नसे. त्यांच्या फ्लॅटमधली एक खोली मी भाड्याने घेतली होती, नोकरी नवीन होती, आणि गरज नसताना न बोलणं मला लहानपणापासून जमतं.

काकू मात्र बोलत. "अहो, घामोळं उठेल त्या स्वेटरने."

"हंगाम आहे," काका म्हणत आणि फोनवर बोट फिरवायला लागत.

हंगाम बेसबॉलचा. पण खेळाचा नव्हे, खेळ बंद असतो त्या दिवसांचा. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत तिकडची मैदानं बंद असतात आणि संघ नव्या खेळाडूंशी करार करत असतात. तिथली संध्याकाळ म्हणजे आमची सकाळ, त्यामुळे बातम्या नेमक्या पोह्यांच्या वेळेला येत. काका एका जहाज कंपनीच्या हिशेब खात्यातून निवृत्त झाले होते, सिंगापूरचे नागरिक होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, आणि बेसबॉलची एक अख्खी मॅच त्यांनी कधी बघितली नव्हती. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "मॅच म्हणजे संसार गं. त्यात काय बघायचं? खरी गंमत जमवाजमवीत असते."

त्यातही त्यांना बॅटवाल्यांशी देणंघेणं नव्हतं. फक्त पिचर. म्हणजे क्रिकेटमध्ये बॉलर असतो तसा, पण एक मोठा फरक. क्रिकेटमध्ये कोपर वाकवून झटक्याने सरळ केलं तर ती फेकी, नो-बॉल. बेसबॉलमध्ये सगळी कमाई त्या झटक्याचीच. हे मला काकांनीच शिकवलं, पोह्यांच्या चमच्याने.

त्यांच्याजवळ एक लांबट वही होती. त्यात ते पिचरांची माहिती लिहीत, मराठीत, हिशेबनिसाच्या उभट नीटस अक्षरात. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, मला ते वाचायला वेळ लागे. "डावखुरा. वय एकतीस. उंची भरपूर. कोपराचे एक ऑपरेशन. स्वभाव शांत. अद्याप योग नाही." करार झाला की तांबड्या शाईने बाजूला लिहायचे, "जमले."

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी काकूंची एक मैत्रीण जुरोंग ईस्टहून हळदीकुंकवाला आली होती. वही टेबलावर उघडीच होती. तिने आधी तिरक्या नजरेने वाचली, मग चष्मा लावून.

"भावजी, हे तुम्ही सुरू केलंत आणि आम्हाला पत्ता नाही! माझ्या भाचीचं बघतोय आम्ही. हा उंच मुलगा कुठे असतो?"

"सध्या घरीच आहे," काका गंभीरपणे म्हणाले. "कोणी घेत नाहीये."

"म्हणजे नोकरी नाही?"

"तीन झाल्या. तिघांनीही सोडून दिलं."

"अगं बाई. आणि ऑपरेशन कसलं?"

"कोपराचं. पण आता जोर परत आलाय म्हणतात."

मैत्रिणीने वही हळूच मिटली आणि वर पाण्याची बाटली ठेवली. काकू स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून हसत होत्या. काका हसत नव्हते. ती गेल्यावर मला म्हणाले, "बघ, कोणीच घेत नाही. ऑपरेशन ऐकलं की वही मिटते."

मोठमोठ्या पिचरांचे करार झाले की ते नुसते 'हं' म्हणत. राजाच्या मुलीला स्थळं कमी असतात का, हे त्यांचं त्यावरचं ठरलेलं वाक्य. त्यांचा जीव उरलेल्यांत. जानेवारी सरत आला, फेब्रुवारी लागला, तरी कोणी न विचारलेले. त्यांना ते 'उरलेले' असंच म्हणत आणि त्यांची नावं रोज सकाळी वाचत, देवाची वाचावीत तशी. "इतका चांगला हात," ते म्हणत, "आणि नुसता घरी बसून आहे."

काका माणसाच्या तोंडाकडे बघतच नसत. कोपराकडे बघत. एलआरटीच्या, म्हणजे इथल्या छोट्या लोकलच्या, डब्यात दांडी धरून उभ्या असलेल्या लोकांच्या कोपरांवरून त्यांची नजर सावकाश फिरे आणि लोक बाह्या खाली ओढत. आमच्या ब्लॉकखालच्या कॉफीशॉपमध्ये पराठे करणारा एक तमिळ माणूस होता. तो पीठ हवेत फिरवून ओट्यावर आपटे तेव्हा काका हातातला घास थांबवून मला सांगत, "सुटताना मनगट बघ. हा चुकीच्या धंद्यात आहे." त्या माणसाला वाटे यांना पराठा फार आवडतो. तो वाटीत वरण जास्त घाले.

"माझं कोपर एकदा तरी बघितलंत का हो?" काकूंनी एकदा विचारलं.

"बघितलंय. लाटण्याने गेलंय ते."

माझंही बघून झालं होतं. मी एकदा त्यांच्याकडे किल्ली फेकली आणि ती माझ्याच पायाशी पडली. काका ती उचलत म्हणाले, "जोर आहे तुझ्यात. पण तू सोडतच नाहीस. शेवटपर्यंत धरून ठेवतेस, मग ते हातातल्या हातात मरतं." मला वाटलं ते किल्लीबद्दल बोलत होते, आणि बहुतेक तेवढ्याचबद्दल बोलत होते.

चेंडूचा वेग मोजायचं एक यंत्र त्यांनी मागवलं होतं. केस वाळवायच्या ड्रायरसारखं दिसणारं. समोर धरून घोडा दाबला की मागे आकडा उमटे आणि पाच सेकंदांत पुसला जाई. चष्मा असूनही काकांना तो आकडा वेळेत वाचता येत नसे, म्हणून यंत्र माझ्या हातात. पिचर नव्हता, त्यामुळे आम्ही जे जाईल ते मोजत असू. खालच्या रस्त्यावरची बस. पावसाळी वाऱ्यात उडालेला कोणाचा तरी टॉवेल. एका रविवारी आम्ही तिघं लहान बोटीतून पुलाउ उबीन बेटावर गेलो तेव्हा तिथल्या उतारावर उभं राहून सायकली मोजल्या. मी लाजेने अर्धी झाडामागे. काका दर वेळी न वळता एकच शब्द विचारत, "किती?" मी आकडा सांगे. ते मान हलवत, जणू तो सायकलवाला थोडक्यात हुकला.

आणि त्यांची साखर बंद होती. कॉफीशॉपमधली पेयं विकणारी बाई ते दिसले की लांबूनच ओरडे, "कोसोंग आ, अंकल?" कोसोंग म्हणजे रिकामी, बिनसाखरेची. काका हात वर करत. काळी कडू कॉफी यायची आणि ते ती चेहरा वाकडा करून प्यायचे. मला वाटायचं मधुमेह असेल. एकदा मी ऑफिसातून पेढे आणले तेव्हा काकूंना तसं म्हटलं.

"मधुमेह कसला! नवस आहे. एकाचं जमेपर्यंत साखर बंद."

"वहीतल्या?"

काकू कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्या थांबल्या. "वहीत नाहीये तो," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी मला ते सांगितलं.

तीन वर्षांपूर्वीपर्यंत काका इथल्या मराठी मंडळींच्या रविवारच्या क्रिकेटमध्ये अंपायर असत. बँकवाले विरुद्ध आयटीवाले, असले सामने. हरणाऱ्याने जेवण द्यायचं. पण काका पांढरी टोपी घालून उभे राहत आणि कायद्याचं पुस्तक खिशात ठेवत. चेंडू मोजायला त्यांच्याकडे सहा चिंचोके होते, पुण्याहून आणलेले. ओव्हर सुरू होताना सहाही डाव्या खिशात. एक चेंडू पडला की एक चिंचोका उजव्या खिशात. नो-बॉल मोजायचा नसतो, चिंचोका हलवायचा नसतो.

आयटीवाल्यांकडे एक नवा मुलगा आला होता. बावीस वर्षांचा, इचलकरंजीचा, डावखुरा. पहिल्याच नोकरीवर इथे आलेला, कोणाशी फार ओळख नसलेला. चिंचेवर दगड मारून हात तयार झाला, असं तो सांगे. त्याने त्या दिवशी पहिले दोन चेंडू हळू टाकले. मग जोर लावला. चेंडू बॅट खाली यायच्या आत मागे गेला होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि काकांनी हात आडवा केला. नो-बॉल. कोपर वाकतंय आणि झटक्याने सरळ होतंय. पुन्हा टाकला. पुन्हा नो-बॉल. असे सात. कडेला बसलेल्यांपैकी कोणीतरी ओरडलं, "अहो, भालाफेकीला पाठवा त्याला!" दुसरं कोणी, "ए फेक्या!" आणि ते त्याला चिकटलं. सातव्यानंतर त्या मुलाने चेंडू काकांच्या बुटांपाशी ठेवला आणि मैदानाबाहेर चालत गेला. बॅग घेऊन थेट बसस्टॉपवर. पुन्हा कधी आला नाही. मंडळाच्या गणपतीलासुद्धा नाही.

"उरलेले चेंडू दुसऱ्या कोणी टाकले," काकू म्हणाल्या. "यांच्या खिशात मात्र ते चार तसेच राहिले. घरी आल्यावर डबीत घालून ठेवले. बाकीचे दोन कुठे गेले कोण जाणे."

त्यानंतर काही महिन्यांनी त्याच कॉफीशॉपमध्ये भिंतीवरच्या टीव्हीत कुठला तरी बेसबॉलचा सामना लागला होता. एक डावखुरा पिचर फेकत होता. काका उभे राहिले, कॉफी सांडली तरी बसले नाहीत. तोच हात. तसंच वाकणारं कोपर, तसाच झटका. आणि आवाज बंद असलेल्या त्या टीव्हीत हजारो लोक उभं राहून त्याला टाळ्या देत होते.

"त्या दिवसापासून हे असं," काकू म्हणाल्या आणि घडी घातलेला तपकिरी स्वेटर उचलून ढिगावर ठेवला.

मी काकांना यातलं काही बोलून दाखवलं नाही. तेच एकदा बोलले, उबीनहून परतताना, बोटीच्या इंजिनाच्या आवाजात. "मी ज्याला गुन्हा म्हणालो तो तिकडे धंदा आहे. निर्णय बरोबर होता गं माझा. चुकला असता तर जाऊन माफी मागितली असती. बरोबर निर्णयाची माफी कशी मागतात?"

मी पाण्याकडे बघत बसले.

त्या जानेवारीत काका एक छापील अर्ज घेऊन आले. तैवानमधल्या एका व्यावसायिक बेसबॉल संघाचा माणूस महिन्याअखेर सिंगापूरला येणार होता. नुसते हात बघायला. बेसबॉल खेळलेलं असलंच पाहिजे असं नव्हतं, जोरात फेकता आलं पाहिजे. वयाची अट होती, सव्वीस पूर्ण नकोत. त्या इचलकरंजीच्या डावखुऱ्याला मार्चमध्ये सव्वीस पूर्ण होणार होते. ही तारीख काकांना कशी ठाऊक होती कोण जाणे. सामन्यांच्या नोंदणीचा तक्ता त्यांनीच ठेवलेला असणार.

अर्ज त्यांनी पूर्ण भरला होता. नाव, उंची, डावा हात. फक्त सहीची जागा रिकामी.

"तो इथेच आहे, जुरोंग ईस्टला ऑफिस आहे त्याचं," ते मला म्हणाले. "नंबर मिळवलाय. पण अंपायरने खेळाडूला फोन करायचा नसतो. तू मेसेज कर. त्या माणसाच्या आधी मी एकदा बघतो, वेग मोजतो, आणि मग घेऊन जातो. सगळं नीट लिही. बेसबॉलचं, तैवानचं, वयाचं. तुझं इंग्रजी चांगलं आहे."

"मराठीतच लिहिते," मी म्हणाले.

त्या मेसेजला मला दोन दिवस लागले. ज्याला मी कधी पाहिलंही नाही त्या माणसाला काय लिहायचं? तुमच्या चेंडूंना ज्यांनी सगळ्यांसमोर सात वेळा फेकी म्हटलं, ते तुम्हाला आता फेकायला बोलवत आहेत? तैवानच्या संघात? मी लिहून बघितलं आणि पुसलं. वाचताना ते थट्टेसारखं वाटत होतं. तो हे ऑफिसात कोणाला तरी दाखवेल, दोघं हसतील, काकांना आणि मला. शेवटी मी एवढंच पाठवलं: 'काकांना तुमची बॉलिंग पुन्हा एकदा बघायची आहे. रविवारी सकाळी बुकित पंजांगच्या मैदानावर येऊ शकाल का?'

मिनिटभरात उत्तर आलं. 'येतो. तीन वर्षं याचीच वाट बघतोय.'

मी काकांना 'येतो' एवढंच सांगितलं.

"बेसबॉलचं लिहिलंस ना सगळं?"

मी मान हलवली. आजही मला आठवतं, तोंडाने 'हो' म्हणाले नाही. जणू त्यामुळे खोटं अर्धं झालं.

रविवारी काकांनी स्वेटर घातला नाही. पांढरी टोपी घातली, तीन वर्षांत पहिल्यांदा. एका खिशात डबीतले चार चिंचोके, दुसऱ्यात बेसबॉलचा नवाकोरा चेंडू, त्याने पँट फुगलेली. पिशवीत अर्ज आणि पेन. यंत्र माझ्याकडे. काकूंनी त्यांच्या हातावर दही घातलं. "परत येताना गोड घेऊन या," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत मी तेवढी आशा कधी बघितली नव्हती.

मैदान अजून ओलं होतं. वरून एलआरटीचा डबा रांगत गेला. तो आमच्या आधीच येऊन थांबला होता. उंच, खांदे थोडे पुढे आलेले, हातात स्वतःचा लाल क्रिकेटचा चेंडू. काकांना बघताच धावत आला आणि वाकून पाया पडला.

"वळखलं का काका?"

"ओळखलं म्हणजे काय," काका म्हणाले. त्यांची नजर अर्थातच त्याच्या डाव्या कोपरावर होती. तो पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून आला होता.

"मला माहीत होतं तुम्ही बोलवणार. आमच्यातली पोरं म्हणायची, सोड की ते, म्हातारा विसरला. मी म्हटलं, अंपायर हाय तो, विसरत नसतो." तो माझ्याकडे बघून हसला. "ताई, तुम्हीच ना मेसेज केलेला? लई उपकार झाले."

मी यंत्र पाठीमागे धरलं.

"आधी बघा," तो म्हणाला, "मग बोलू." आणि त्याने बाही वर केली.

कोपरापासून बगलेच्या दिशेने एक लांब गुलाबी व्रण होता. त्याने हात काकांच्या डोळ्यांसमोर आडवा धरला. हात सरळ होता. फूटपट्टीसारखा सरळ.

"दोन वर्षं फळ्या बांधून टाकली बॉलिंग. दोन्ही बाजूंनी फळी, वर बँडेज, वाकायचं नावच नाही. रोज ऑफिसच्या आधी. मग आतलं काहीतरी तुटलं. गावाकडं जाऊन ऑपरेशन केलं. आई रडायला लागली, क्रिकेटपायी हात कापून घेतोस म्हणून. पण आता बघा की! आता कोण फेक्या म्हणतंय बघू."

काकांची नजर त्या व्रणावरून सावकाश वर गेली आणि परत कोपराशी आली.

"डॉक्टर काय म्हणाले?" त्यांनी विचारलं.

"म्हणाले, बाकी सगळं कर, फक्त जोरात काही फेकायचं नाही जन्मात." तो खळखळून हसला. "म्हटलं, मला फेकायचंच कुठंय! त्यासाठीच तर केलं!"

काकांचा हात खिशातल्या बेसबॉलवर गेला आणि तिथेच राहिला. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. आपण पाठवलेलं पत्र दुसऱ्याच गावी पोचलंय हे कळल्यावर माणूस जसं पोस्टमनकडे बघेल, तसं. मग त्यांनी टोपी सारखी केली आणि स्टंपच्या जागी, ओल्या गवतात, ताठ उभे राहिले.

"तुझी ओव्हर राहिलीय," ते म्हणाले. "चार चेंडू."

डावखुरा मोजून मागे गेला. धावत आला आणि टाकला. हात कानाजवळून सरळ, पुस्तकातल्या चित्रासारखा वर गेला. चेंडू हवेत बराच वेळ राहिला, मग टप्पा पडून मला चुकवून घरंगळत कडेच्या नाल्यापाशी थांबला. काकांनी डाव्या खिशातून एक चिंचोका काढला आणि उजव्या खिशात टाकला. तिथे बेसबॉल होता, त्यावर तो टक् वाजला.

दुसरा. तिसरा. चेंडू मीच आणून देत होते. चौथ्याला त्याने सगळा जोर लावला. मानेच्या शिरा फुगलेल्या मला दिसल्या. माझ्या नकळत माझ्या हाताने यंत्र पुढे धरलं आणि घोडा दाबला. आकडा उमटला. घराखालच्या रस्त्यावरची बसही त्याहून फार हळू जात नसे. मी काकांकडे बघितलं आणि 'किती?' ऐकायची वाट बघत राहिले. ते चिंचोका खिशात टाकत होते. त्यांनी विचारलं नाही. पाच सेकंदांनी आकडा पुसला गेला.

"ओव्हर," काका म्हणाले.

"बरोबर हाय ना काका? चारही?"

"अगदी बरोबर. एकदाही कोपर वाकलं नाही."

तो मैदानात लहान मुलासारखा गोल धावला. मग परत येऊन काकांच्या गळ्यात पडला, आणि काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, कोपराला स्पर्श होणार नाही अशा बेताने. "हे मंडळाच्या ग्रुपवर लिहाल का, काका? तुम्ही स्वतः? म्हणजे मला यायला बरं." "लिहितो," काका म्हणाले. आणि त्या दुपारी त्यांनी खरंच लिहिलं, तारखेसकट, अंपायर म्हणून खाली नाव घालून. लोकांनी खाली शाबासकीचे अंगठे टाकले. पुढच्या सामन्यात त्याला घेतलं आणि त्याच्या दोन ओव्हर इतक्या झोडपल्या की तिसरी दिली नाही, हे मला नंतर कळलं.

मी खरं लिहिलं असतं तरी त्याचं कोपर जसं होतं तसंच असतं. हे मी स्वतःला बऱ्याचदा सांगते. पण मग त्याने तिथल्या तिथे कळवलं असतं, काकांना ते घरी, काकूंच्या शेजारी बसून कळलं असतं. टोपी घालून, ओल्या गवतात, हसऱ्या माणसासमोर नाही.

मैदानातून आम्ही तिघं कॉफीशॉपमध्ये गेलो. पेयंवाली बाई लांबूनच ओरडली, "कोसोंग आ, अंकल?"

काकांनी हात वर केला नाही. ते तिच्या काउंटरपर्यंत चालत गेले आणि इंग्रजीत म्हणाले, आज साखर घाल.

डॉक्टरने परवानगी दिली का, तिने विचारलं.

"कॅन, कॅन," काका म्हणाले, म्हणजे चालतं.

कप आला. ते चमचा फिरवत राहिले. साखर विरघळून गेली तरी फिरवत राहिले. समोर डावखुरा पराठा तोडत ऑपरेशनची हकिगत सांगत होता, किती टाके, किती दिवस, पहिल्यांदा हात सरळ झाला तेव्हा नर्स काय म्हणाली. काका मान डोलवत होते. मग त्यांनी कॉफी एका दमात संपवली, औषध घेतात तशी. रुमाल काढताना खिशातून चार चिंचोके निघाले. ते त्यांनी कपाशेजारी टेबलावर ठेवले, तोंड पुसलं आणि उठले. डावखुरा त्यांच्यामागे बोलत बोलत गेला.

मी पिशवी उचलायला मागे राहिले. अर्ज पिशवीतच होता. टेबलं पुसणारे चिनी आजोबा ट्रे घेऊन आले. त्यांनी कप उचलले, ताटल्या उचलल्या आणि ओलं फडकं टेबलावरून एकदा फिरवलं. 'थांबा' हा शब्द माझ्या तोंडात तयार होता. चिंचोके ट्रेमध्ये उष्ट्यात पडले, आणि आजोबा पुढच्या टेबलाकडे वळले.